सल्ला हवा: पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घराण्याची वंशावळ कुठून शोधावी?

लँकेस्टरची_सून
नमस्कार मंडळी. सासूबाईंचं माहेर इथलं जुनं जर्मन, आडनाव मिलर. त्यांनी जमवलेले कागद खोकी भरून आहेत: मृत्युपत्रांच्या नकला, जमिनीचे नकाशे, थडग्यांचे फोटो. मूळ पुरुष योहान मिलर १७४९ च्या आसपास फिलाडेल्फियाला उतरला, असं घरात सांगतात. पण जहाजांच्या याद्यांत योहान मिलर पैशाला पासरी! जर्मनीतलं गाव कोणतं तेही कळत नाही. शिवाय हे सगळं दूरच्या भाऊबंदांनाही बघता येईल असं ऑनलाइन ठेवायचंय. जाणकारांनी सांगा, आधी कुठं हात घालू?

बखरबहाद्दर
आधी 'योहान'चा नाद सोडा. त्या काळी एकाच घरातले चारही भाऊ योहान असायचे: योहान पेटर, योहान गेओर्ग, योहान याकोब. हाक मारायची ती दुसऱ्या नावानं. म्हणजे तुमचा माणूस इथल्या कागदांत जॉर्ज किंवा जेकब म्हणून बसलेला असू शकतो. योहानेस असेल तर मात्र तेच त्याचं चालतं नाव. आडनावाचंही तसंच. म्यूलरचा मिलर झाला, हूबरचा हूवर, आणि त्सिमरमान तर थेट कार्पेंटर!

आता याद्या. १७२७ पासून पेनसिल्व्हेनिया सरकारनं उतरणाऱ्या जर्मनांना ब्रिटिश राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यायला लावली. पहिलं जहाज 'विल्यम अँड सारा', त्याच वर्षीच्या सप्टेंबरातलं. शपथ सोळा वर्षांवरच्या पुरुषांना, म्हणून बायका-मुलं बहुतेक याद्यांत नाहीतच. बाई सापडली नाही म्हणजे ती आलीच नाही असं समजू नका. आणि 'रॉटरडॅमहून, शेवटचा थांबा काउज' असं लिहिलेलं दिसेल. ती बंदरं आहेत, गाव नव्हे.

या याद्या स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी १९३४ साली तीन खंडांत छापल्या. तुमच्या कामाचा दुसरा खंड, त्यात नुसत्या सह्यांच्या प्रतिकृती आहेत. कप्तानाच्या यादीतलं नाव कारकुनानं कानावर पडेल तसं इंग्रजीत उतरवलेलं, पण शपथेखालची सही माणसाची स्वतःची. मृत्युपत्रावरची सही शेजारी ठेवा. एम कसा वळवलाय, आडनावाची शेपटी कुठं जाते ते बघा. डझनभर मिलरांतून आपला असा निवडता येतो. यादीत नुसती फुली असेल तर मात्र हात टेका, नाव कारकुनाच्या अक्षरात असणार.

ओसरीवरचा
वरच्या प्रतिसादाला +१, पण मी सुरुवात चर्चपासून करीन. सासूबाईंना पंथ विचारा. मेनोनाइट असतील तर लहान मुलांचा बाप्तिस्माच नाही, सबब ती नोंदवहीही नाही. मग जमीन आणि मृत्युपत्रं. लुथरन किंवा रिफॉर्म्ड (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ) असतील तर नशीब उघडलं. स्टोव्हर नावाचा लुथरन पाद्री वस्त्यावस्त्यांतून फिरायचा, त्याची बाप्तिस्मा-लग्नांची नोंद छापून आलेली आहे. १७४२ साली आलेल्या म्यूलेनबर्ग या लुथरन पाद्र्याचीही दैनंदिनी आहे. दफनाच्या नोंदीत कधी कधी पाद्री जन्मगाव लिहून जातो. सोनं ते!

बाप्तिस्म्याला साक्षी कोण होते तेही उतरवून घ्या. ते बहुतेक वेळा नात्यातले नाहीतर मूळ गावचेच. मिलरचं गाव लागत नसेल, तर साक्षीदाराचं शोधा; त्याचं आडनाव दुर्मीळ असेल तर गाव चटकन लागतं.

खोक्यात फुलं-पक्षी रंगवलेला जर्मन कागद आहे का? ते बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र. अमेरिकन क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शनसाठी पुरावा म्हणून असे कागद सरकारला पाठवले, ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. घरचा गहाळ असेल तर तिथं बघा.

मोडीवाली_मेघा
जर्मनीकडची वही उघडण्याआधी ॲनेट बर्गर्ट यांची पुस्तकं चाळा. त्यांनी प्रदेशवार तिकडच्या चर्चनोंदी आणि इकडची माणसं जुळवून ठेवली आहेत. आयतं मिळालं तर का नको? गाव कळल्यावर ही संकेतस्थळं बघा: प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किऑन (सशुल्क), कॅथलिक वह्यांसाठी मात्रिकुला (फुकट). फॅमिलीसर्चही फुकट. अक्षर कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीतलं, पहिल्या नजरेला मोडीसारखंच एकमेकांत गुंतलेलं. सराव झाला की सुटतं. बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागलेलं दिसेल, म्यूलरिन म्हणजे म्यूलरचीच.

तारखांकडे लक्ष द्या. १७५२ पर्यंत इंग्रजी सरकारी कागदांत वर्ष २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारी १७४८ लिहिलंय ते आपल्या हिशोबानं १७४९.

नाना_फडतूस
ऑनलाइन ठेवण्याबद्दल. फॅमिलीसर्चचं झाड (म्हणजे वंशवृक्ष) सगळ्यांचं एकच, कुणीही येऊन फांदी बदलतो. विकिट्री हे वंशवृक्षांचं संकेतस्थळही सामायिकच, पण तिथं पुरावा जोडायचा आग्रह असतो आणि नोंदीला राखणदार असतो. मी विकिट्री म्हणेन. बाकी ठिकाणी लोक एकमेकांचं उचलून चिकटवतात. दहा झाडांत एकच गाव दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले नाहीत. हयात माणसांची नावं-जन्मतारखा टाकू नका. आणि 'मिलर घराण्याचं कुलचिन्ह' विकणारा भेटला तर वाट बदला.

ओसरीवरचा
नानांशी अर्धा सहमत. सामायिक झाडात टाकलं तरी मूळ प्रत घरी हवीच. कागद स्कॅन करून, प्रत्येकाखाली कुठल्या वहीतून आला ते लिहून, एक संच स्थानिक इतिहास संस्थेला देता येतो का ते विचारा. संकेतस्थळं बंद पडतात.

लँकेस्टरची_सून
सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत. सासूबाई म्हणतात पंथ रिफॉर्म्ड. बायबलात घडी घातलेला रंगीत कागद निघाला, साक्षीदारांची दोन नावं वाचता येतायत. मृत्युपत्रावर जर्मन अक्षरातली सहीपण आहे! दुसरा खंड कुठं मिळेल?

बखरबहाद्दर
विकत घेत असाल तर जपून. एका पुनर्मुद्रणात सह्यांचा खंडच गाळलाय, दोनच भाग येतात. फिलाडेल्फियाच्या हिस्टॉरिकल सोसायटीत विचारा, जाण्याआधी फोन करून खात्री करा. आणि मृत्युपत्राची छापील नकल नको, मूळ कागदाचा फोटो घेऊन जा. काउंटीच्या दप्तरी नोंदवहीत उतरवलेली प्रत असते, तिच्यातली सही कारकुनाची.