ऐकू येणारी इंग्रजी आणि लिहिली जाणारी इंग्रजी: आपापले अनुभव सांगावेत

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांना इंग्रजी आधी दिसली आणि फार उशिरा ऐकू आली. राज्यात २००० साली ती पहिलीपासून आली. त्याआधी ती पाचवीत भेटत असे, तीही फळ्यावर आणि वहीत. त्यामुळे डोळ्यांना सवयीची असलेली ही भाषा कानावर पडताच अनोळखी वाटते. ज्यांना असे कधी जाणवले असेल, त्यांनी इथे सविस्तर लिहावे ही विनंती. सुरुवात माझ्यापासून करतो.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. अमेरिकेतील ग्राहकाकडच्या बाई एका शुक्रवारी फोनवर म्हणाल्या, ‘वुई कॅन टेस्ट इट टुनाइट’. निदान मला तरी तसेच ऐकू आले. आमचे चौघे पहाटेपर्यंत निकालाची वाट पाहत बसले आणि तिकडे चाचणी झालीच नाही, कारण त्या ‘कॅन्ट’ म्हणाल्या होत्या. सोमवारी ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकले तेव्हा उलगडा झाला. होकारातील ‘कॅन’चा स्वर जवळजवळ नाहीसा होतो, ‘वुई क्न टेस्ट’ असे काहीसे ऐकू येते आणि सारा जोर पुढच्या क्रियापदावर पडतो. नकारात मात्र ‘कॅन’ पूर्ण उच्चारतात आणि शेवटचा ‘ट’ गिळतात. पुढचा शब्दच ‘ट’ने सुरू होत असल्याने तो ऐकू येण्याची आशाही नव्हती. मी आयुष्यभर त्या ‘ट’वर विसंबून राहिलो होतो. आता फोन संपताच ठरलेले सारे दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून पाठवतो.

नाशिकहून, निवृत्त लघुलेखक

मी तीस वर्षे न्यायालयात इंग्रजी लघुलेखन केले, त्यामुळे या दोन इंग्रजींच्या मधल्या उंबरठ्यावरच माझी नोकरी झाली असे म्हणता येईल. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली मांडलेल्या पद्धतीत स्पेलिंगला स्थान नाही; लिहायचा तो ध्वनी. ‘प’ची रेघ बारीक, त्याच दिशेने ओढलेली जाड रेघ म्हणजे ‘ब’. ‘ट’ आणि ‘ड’ यांचेही तसेच. ‘नाइट’ म्हणजे रात्र की सरदार, हे रेघ सांगत नाही. ते टंकलेखनाच्या वेळी संदर्भावरून आपणच ठरवायचे असते.

एकदा दिवसभर जमिनीच्या वादांचे काम चालले होते आणि प्रत्येक निकालपत्रात ‘साइट’ म्हणजे जागा, प्लॉट असाच अर्थ होता. शेवटचे प्रकरण अपघाताच्या नुकसानभरपाईचे होते. त्या माणसाची दृष्टी गेली होती आणि मी ‘लॉस ऑफ साइट’ लिहिताना जागेचे स्पेलिंग टंकलिखित केले. साहेबांनी सही करण्यापूर्वी त्या एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि काही न बोलता कागद परत दिला. माझ्या वहीतली रेघ अचूक होती आणि तरीही त्या माणसाचे डोळे कागदावरून पुसले गेले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी गोष्ट वाक्यांची. तोंडी मजकूर सांगताना विद्वान माणूसही वाक्य तीनदा सुरू करतो, मधेच सोडतो, कर्ता एकवचनी घेऊन क्रियापद अनेकवचनी वापरतो. समोर बसून ऐकताना त्यात काहीच खटकत नाही. तेच जसेच्या तसे टंकलिखित केले, तर सांगणाऱ्यालाच ते आपले वाटत नाही.

फोंड्याहून, मर्चंट नेव्हीतील अधिकारी

आमच्याकडे उलटा प्रकार आहे: बोललेली इंग्रजी मुद्दाम लिहिलेल्या इंग्रजीसारखी काटेकोर केली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांसाठी ठरावीक वाक्प्रयोग स्वीकारले. त्यानुसार दीडशे अंश हे ‘वन-फाइव्ह-झिरो’ असे एकेक अंक सुटा करून सांगायचे, कारण ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक खरखरत्या रेडिओवर टिकत नाही. प्रश्न विचारण्याआधी ‘क्वेश्चन’ असे स्पष्ट म्हणता येते, म्हणजे प्रश्नचिन्हच आधी उच्चारल्यासारखे. ‘मे’ हा शब्दही टाळायचा असतो, कारण त्यातून परवानगी मागितली की शक्यता वर्तवली, हे नुसत्या आवाजावरून कळत नाही.

एडिसन, न्यू जर्सीहून

माझा मुलगा इथेच जन्मला. त्याची इंग्रजी ऐकून माझी मला लाज वाटत असे. तो चौथीत असताना त्याच्या निबंधात ‘शुड हॅव’च्या जागी ‘शुड ऑफ’ लिहिलेले दिसले, तेही तीन ठिकाणी. बोलताना ‘शुडव्ह’ असे होते आणि त्याने जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिले. ही चूक माझ्या हातून कधीच झाली नसती, कारण मी ते रूप कानाने नव्हे, व्याकरणाच्या तक्त्यातून शिकले होते. त्या संध्याकाळी मी त्याला पूर्ण भूतकाळ समजावला आणि त्याने मला ‘शुडव्ह’ म्हणायला शिकवले.

सातारा जिल्ह्यातून, शिक्षिका

‘डेट’ म्हणजे कर्ज, यात ‘बी’ कशाला, असे सहावीतील एका मुलीने विचारले तेव्हा मी ‘ते पाठच करायचे असते’ असे सांगून मोकळी झाले. नंतर शोधले तेव्हा कळले की फ्रेंचमधून आलेल्या या शब्दात पूर्वी ‘बी’ नव्हताच. लॅटिनमधील ‘डेबिटम’शी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी तो घातला. ‘आयलंड’मधील ‘एस’ही असाच मागाहून आला. ‘नाइट’ म्हणजे सरदार यातला ‘के’ मात्र एके काळी खरोखर उच्चारला जात असे.

मुलींना हे मराठीवरून पटकन समजले. आपणही पूर्वी ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार देत होतो. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. इंग्रजीत असा निर्णय सर्वांसाठी घेणारे मंडळ नाही, म्हणून जुनी अक्षरे तशीच राहिली. आता आम्ही मुकी अक्षरे फळ्यावर लाल खडूने लिहितो. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती आता ‘वेन्स्डे’ वाचताना पहिल्या ‘डी’वर अडखळत नाही आणि लिहिताना तो विसरतही नाही.