केबल लावली की 'लायसन्स इनव्हॅलिड'

प्रश्न: मंडळी, मिरजेत छोटं गॅरेज आहे. गाडीतले बिघाड शोधायचं स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर रीतसर बिल करून घेतलंय, केबलही त्यासोबतचीच. कालपासून उघडलं की 'लायसन्स इनव्हॅलिड'. केबलचा दिवा लागतो, ड्रायव्हर काढून परत टाकला, तरी तेच. गिऱ्हाईक दारात बसलंय, एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा घालवायचाय.

उत्तर: दादा, स्कॅनिंगची केबल लागते त्या गाडीच्या सॉकेटमधल्या १६ नंबर पिनला १२ व्होल्ट येतात का बघा. फ्यूज उडाला असेल तर यूएसबीवर दिवा लागतो, पण काही केबल गाडीचा करंट मिळाल्याशिवाय लायसन्स दाखवत नाहीत.

उत्तर: लॅपटॉपची तारीख बघितली का? मुदतीचं लायसन्स तारखेवर चालतं. आणि कंटाळून क्रॅक (लायसन्स तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर) टाकू नका, कळकळीनं सांगतो. नकली मालाचा भरवसा नसतो. २०१४ मध्ये एफटीडीआय या यूएसबी केबलच्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटनं नकली चिपच्या कितीतरी केबल बंद पाडल्या होत्या.

प्रश्नकर्ता: तारीखच होती! १ जानेवारी २००९ दाखवत होता. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल मीटरवर जेमतेम १.१ व्होल्ट. नवा ३ व्होल्टचा बसवला, तारीख लावली, लायसन्स आलं. एबीएसचा बिघाड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा निघाला, वायर घासून तुटलेली. दोघांचे मनापासून आभार.