गॅस गिझर मधेच विझतो. चतुर्थीपूर्वी उपाय हवा आहे

डिचोलीकर
नमस्कार. आमचा सहा लिटरचा गॅस गिझर सुरू केल्यावर सात-आठ मिनिटांत विझतो. नवे सेल घातले, रेग्युलेटर बदलला, दुरुस्तीचा माणूस बर्नर साफ करून गेला, तरी तेच चालले आहे. चतुर्थीला घरची सगळी मंडळी येणार असून सकाळी एकामागून एक आंघोळी व्हायच्या आहेत. कोणता भाग बदलावा, एवढेच कृपया सांगावे.

बार्देशी
पाण्याचा दाब तपासला का? दाब कमी पडला की आतील डायफ्रॅम गॅस बंद करतो. आमच्याकडे हेच झाले होते.

डिचोलीकर
दाब उत्तम आहे. टाकी गच्चीवर आहे.

अंत्रुजकर
गिझर कोठे बसवला आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. खोली केवढी आहे, खिडकी उघडी असते का, आणि दार उघडे ठेवले तरी गिझर विझतो का?

डिचोलीकर
न्हाणीत बसवला आहे, आणखी कोठे बसवणार? न्हाणी पाच बाय पाच फूट, उंची नऊ. खिडकीला काचेच्या पट्ट्या आहेत, पण पावसाची झड आत येते म्हणून जूनपासून तिला प्लास्टिक लावलेले आहे. सिलिंडर बाहेर आहे. दार उघडे ठेवून बादली भरली तर विझत नाही, पण मुद्दा तो नाही.

अंत्रुजकर
मुद्दा नेमका तोच आहे. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते आणि सहा लिटरचा गिझर मोठ्या ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. तुमच्या न्हाणीत जेमतेम साडेसहा घनमीटर हवा आहे, म्हणजे बंद खोलीतील सगळी हवा अर्ध्या तासाच्या आसपास संपावी. पण प्राणवायू थोडा जरी घटला तरी गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुमच्या गिझरमध्ये प्राणवायू घटल्यावर ज्योत बंद करणारा सेन्सर असावा आणि तो आपले काम करीत असावा. त्यामुळे कोणताही भाग बदलू नका आणि दुरुस्तीवाल्याला तो सेन्सर काढू तर मुळीच देऊ नका.

कुंकळ्ळीकर
बोअरवेलचे पाणी असेल तर आतील नळीत क्षार साचतात. वर्षातून एकदा ती साफ करून घ्यावी.

फातोर्डेकर
एवढे घाबरवण्याचे कारण नाही. एक्झॉस्ट फॅन लावला की प्रश्न मिटतो. आमच्याकडे कित्येक वर्षे असाच चालू आहे.

अंत्रुजकर
फातोर्डेकर, पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत येणारी हवा कोठून येणार? दाराखाली किंवा भिंतीत खालच्या बाजूला झरोका नसेल तर पंख्यामुळे खोलीतील दाब उतरतो आणि गिझरचा जळका वायू नळीतून बाहेर जाण्याऐवजी उलट आत ओढला जाऊ शकतो. शिवाय वीज गेली की पंखा थांबतो आणि सेलवर चालणारा गिझर चालूच राहतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, ते तुम्हीच सांगा.

फातोर्डेकर
आमच्याकडे इन्व्हर्टर आहे.

पेडणेकर
माझ्या मते सौर बंब घ्यावा. गॅस नको आणि ही चर्चाही नको.

बार्देशी
भर श्रावणात?

मडगावची परिचारिका
डिचोलीकर, घरात कोणाला आंघोळीनंतर डोकेदुखी, मळमळ किंवा गरगरणे असा त्रास होतो का?

डिचोलीकर
आईला गरगरते, पण तिला रक्तदाबाचा त्रास आधीपासून आहे. कृपया विषयांतर नको. न्हाणीबाहेर गिझर नेल्यास पाणी गरम पोहोचेल का, एवढे सांगावे.

मडगावची परिचारिका
हे विषयांतर नाही. त्यांना आजच डॉक्टरांकडे न्यावे आणि बंद न्हाणीत गॅस गिझर चालतो, हे आपणहून सांगावे. नाही तर सगळे खापर रक्तदाबावर फुटेल. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड रक्तात मिसळला असला तरी त्यावरील आकडा चांगलाच दिसतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. आणि कोणी आत बेशुद्ध पडल्यास प्रथम गॅस बंद करून, दार-खिडकी उघडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा.

डिचोलीकर
ठीक आहे, आईला संध्याकाळी नेतो. तोवर गिझर बंद ठेवला आहे. मागच्या पडवीत तो बसवता येईल. पडवीला एका बाजूने जाळी आहे, पण वारा फार असतो.

अंत्रुजकर
पडवी उत्तम. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून आडोशाच्या भिंतीवर बसवा, मात्र लाकडी कपाटात कोंडू नका आणि पाऊस वाढला म्हणून जाळीवर ताडपत्री ओढू नका. जळका वायू जेथून बाहेर पडतो, त्याच्या वर किंवा बाजूला झोपण्याच्या खोलीची खिडकी असू नये. गिझरपासून न्हाणीपर्यंत सीपीव्हीसी नळ (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा नळ) घालून त्यावर उष्णतारोधक आवरण चढवले तर पाच-सहा मीटरने पाणी फारसे निवत नाही. सुरुवातीचे थंड पाणी तेवढे बादलीत सोडावे लागेल. सिलिंडरही पडवीतच, जमिनीच्या पातळीवर उभा ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खड्ड्यात किंवा गटारात साचतो.

डिचोलीकर
सिलिंडरची रबरी नळी तीच चालेल का? प्लंबर उद्या सकाळी येतो आहे.

बार्देशी
नळीवर छापलेली तारीख पाहा. पाच वर्षे उलटली असतील तर नवी घ्या.