अनुभव: अपग्रेड झालं, पण आपली सेटिंग्ज?

काल रात्री सर्व्हरवर उबुंटूचं (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) अपग्रेड चालू होतं. मध्येच विचारणा आली: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घालू? एंटरवर गेलेला हात थांबला आणि २०१९ चा नाशिकच्या सातपूरचा पावसाळा आठवला.

कारखान्याच्या स्टोअरचा डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर नेला होता. जुनी माय.सीएनएफ (त्याची सेटिंग्जची फाइल) जशीच्या तशी ठेवली आणि सर्व्हर उठेचना. लॉगमध्ये "अननोन व्हेरिएबल", पुढे क्वेरी_कॅश_साइझ. ८.० मधून क्वेरी कॅशच (आधीच्या क्वेरींची उत्तरं साठवायची सोय) काढून टाकलंय! ती ओळ काढली, तर एसक्यूएल_मोडमधलं नो_ऑटो_क्रिएट_यूझर आडवं आलं, तेही ८.० मधून गेलेलं. गेटवर दोन गाड्या चलनासाठी खोळंबलेल्या, माझे हात गार. त्या ओळी आमच्या सरांनी बसवलेल्या, ते तोवर रिटायर झालेले. शेजारी "का" एवढं जरी लिहिलेलं असतं ना... तेव्हापासून आधी जुन्या-नव्या दोन्ही फाइलींचा डिफ (कुठल्या ओळी वेगळ्या ते) काढते, मगच हात लावते. तुमचेही अनुभव लिहा.

पिंपळगावकर: टॅली ईआरपी ९ वरून प्राइम. डेटा आला सगळा, पण बिलावरचा क्रेटचा कॉलम गायब. टोमॅटोचा सीझन ऐन भरात! टीडीएल (टॅलीत आपल्यापुरता बदल करणारी जोडफाइल) परत लोड करायची राहिली होती. एफ१ मध्ये जाऊन जोडली, तरी प्रिंट सरकलेली. करून देणाऱ्याला गाठून दुरुस्त करून घेतली. तोवर पावत्या हाताने.

सीबीएसवाली: मी कोर्टाजवळ टायपिंग करते. नवीन कॉम्प्युटरवर वर्ड टाकलं आणि विल्होळी, आंबे बहुला, मुंगसरे सगळ्यांखाली लाल रेघा. दहा वर्षं एकेक गाव भरलं होतं हो. भाच्याने जुन्या डिस्कवरून कस्टम.डिक (आपण भरलेल्या शब्दांची फाइल) शोधून दिली. रडूच आलं. आता ती पेनड्राइव्हवर असते, नॉर्मल.डॉटएम (वर्डचा आपला साचा) सुद्धा.

अंबड लिंक रोड: ताई, मुंगसरे माझं आजोळ!

सीबीएसवाली: अय्या, कोणाकडचे तुम्ही? मळ्यातले का गावातले?

अंबड लिंक रोड: मळ्यातले. द्राक्षं आहेत मामाची.

नवखा_इंदिरानगर: रविवारी रात्री आमचं पोस्टग्रेस डेटाबेसचं अपग्रेड आहे, पहिल्यांदाच एकटा करतोय. त्याचं पीजी_अपग्रेड टूल सगळं नेतं ना?

गोदाकाठ: नाही रे बाळा. डेटा नेतं, पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ (सेटिंग्ज) आणि पीजी_एचबीए.कॉन्फ (कोणाला आत घ्यायचं ते) नेत नाही. नव्या फोल्डरात त्या कोऱ्या असतात, मॅक्स_कनेक्शन्स (एकावेळी किती जोडण्या) परत १०० वर. जुनी फाइल वरून चिकटवू नकोस, बदललेल्या ओळीच ने. आणि एचबीए विसरलास तर अ‍ॅपला आतच घेणार नाही, सोमवारी सकाळी फोन सुरू होतील.

नवखा_इंदिरानगर: काका, थँक्यू. आत्ताच दोन्ही फाइली काढून ठेवल्या. एका ओळीपुढे "रात्रीच्या रिपोर्टसाठी" असं लिहिलंय कोणीतरी.

गोदाकाठ: ती ने. शेऱ्यासकट.

पिंपळगावकर: रविवारी रात्री अडलास तर इथे लिही, मी जागा असतो. लिलावाच्या याद्या असतात.