कॉलेजची शिकाऊ वायनरी: टाक्या केवढ्या घ्याव्यात?

दिंडोरीचा मास्तर: वाइनच्या अभ्यासक्रमासाठी शेड आणि लागून अर्धा एकर द्राक्षबाग मंजूर झालीय. पुरवठादार रस आंबवायच्या 1000 लिटरच्या दोन टाक्या गळ्यात मारतोय. मुलं 24. घेऊ का?

निफाडकर: नका घेऊ, सर. दोन टाक्यांवर चौघं राबतील, बाकीचे मोबाइल बघतील. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातसुद्धा शिकवायच्या टाक्या 200 लिटरच्या आहेत. तुम्ही 50 लिटरच्या बारा घ्या, दर दोन मुलांमागे एक. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा रस एकच, पण प्रत्येक जोडीचं आंबवणारं यीस्ट नाहीतर तापमान वेगळं. फरक जिभेवरच कळतो. 100 किलोला साधारण 60-65 लिटर रस, म्हणजे टनभर माल पुरे.

बागवाली ताई: बागेचं काय? एप्रिलची खरड छाटणी ऐन परीक्षेत येते. तेव्हाच्या नव्या काडीतच पुढचा घड ठरतो. मुलांनी फक्त फळासाठीची ऑक्टोबर छाटणी पाहिली तर अर्धीच बाग शिकली. आणि एक्झॉस्ट खाली लावा, आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो.

दिंडोरीचा मास्तर: अरे देवा, नकाशात एक्झॉस्ट छताला आहे! धुण्याचं पाणी वाहून जायला फरशीला उतारही नाही. उद्याच प्राचार्यांना गाठतो.