‘उत्तर-आधुनिक’ की ‘आधुनिकोत्तर’?

प्रश्न: पोस्टमॉडर्निझम या कला-विचारातल्या प्रवाहासाठी हे दोन्ही शब्द वाचनात येतात. अर्थ एकच का? शिवाय ‘आधुनिकता’ आणि ‘आधुनिकतावाद’ असा भेद खरंच करायला हवा, की तो नुसता पंडिती काथ्याकूट?

प्रतिसाद १: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: करायलाच हवा. आधुनिकता ही परिस्थिती. कारखाने, रेल्वे, वर्तमानपत्रं, महानगरातली अनोळखी गर्दी. आधुनिकतावाद म्हणजे त्या परिस्थितीला कलेने दिलेला जबाब, आणि तो पुष्कळदा वैतागलेला असतो. कवी एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घकविता (१९२२) आधुनिकतावादी आहे, पण आधुनिकतेवर ती खूष आहे असं कोण म्हणेल? ‘वाद’ गाळला की अर्थ उलटा होतो.

प्रतिसाद २: पहिला प्रश्न जास्त मजेदार आहे. ‘उत्तर’ मागे लागला की ‘नंतरचा’: युद्धोत्तर, मरणोत्तर. युद्ध संपलेलं असतं, माणूस गेलेला असतो. पुढे लागला की बहुधा त्याच गोष्टीचा शेवटचा भाग: उत्तररात्र, उत्तरायुष्य, उत्तर पेशवाई. उत्तररात्र ही रात्रच असते.

म्हणजे ‘आधुनिकोत्तर’ म्हणणारा आधुनिकतावाद संपला असं गृहीत धरतो आणि ‘उत्तर-आधुनिक’ म्हणणारा तो अजून चालू आहे असं. पोस्टमॉडर्न म्हणजे महाकथनांवरचा (प्रगती, मुक्ती अशा, सगळ्याचा अर्थ लावू पाहणाऱ्या मोठ्या कहाण्यांवरचा) अविश्वास, ही व्याख्या देणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारचा (१९७९) कौलही, काही वर्षांनी लिहिलेल्या लेखात, दुसऱ्या बाजूला पडतो: पोस्टमॉडर्न हा मॉडर्नचाच भाग आहे, असं तो म्हणतो. माझंही मत ‘उत्तर-आधुनिक’ला.

प्रतिसाद ३: ‘उत्तरक्रिया’चं काय? तिथे ‘उत्तर’ पुढेच आहे आणि माणूस गेलेलाच आहे.

प्रतिसाद २: मान्य, पण तिथे ‘उत्तर’ हे क्रियेचं विशेषण आहे: नंतर करायची क्रिया. ‘बहुधा’ म्हणून तर ठेवलं होतं.

प्रतिसाद ४: मला वाटतं कलेगणिक शब्द बदलावा लागेल. वास्तुकलेत ‘आधुनिकोत्तर’ अगदी चपखल. अमेरिकेतल्या सेंट लुइसमधली प्रुइट-आयगो ही आधुनिक शैलीतली सरकारी घरांची वसाहत १९७२ मध्ये सुरुंग लावून पाडायला घेतली, तेव्हा आधुनिक वास्तुकला मेली असं वास्तुकलेचा समीक्षक चार्ल्स जेंक्सने पुढे लिहिलं आणि वेळही दिली: १५ जुलै, दुपारी ३ वाजून ३२ मिनिटं. (पाडकाम त्याच वर्षी मार्चमध्येच सुरू झालं होतं. पण मृत्युलेखाला नेमकी वेळ लागतेच ना!) इथे खरोखरच ‘मरणोत्तर’मधला ‘उत्तर’ आहे.

संगीतात तसं म्हणवत नाही. संगीतकार शोनबर्गने बारा स्वरांना समान हक्क देऊन ‘सा’चं सिंहासनच काढून घेतलं, हा आधुनिकतावाद. इटालियन संगीतकार बेरिओच्या ‘सिन्फोनिया’च्या (१९६८) तिसऱ्या भागात मालर या आधीच्या संगीतकाराच्या दुसऱ्या सिंफनीतला स्केर्झो (चपळ लयीचा भाग) खाली वाहत राहतो आणि त्यावर देब्युसी, राव्हेल, स्ट्राव्हिन्स्की यांच्या रचनांचे तुकडे तरंगतात. त्यात शोनबर्गही आहे. जुन्याशी भांडण मिटलंय, थट्टा सुरू झालीय. पण आधुनिक काही मेलेलं नाही, ते तिथेच ऐकू येतंय. ही उत्तररात्र.

प्रतिसाद ५: चित्रकला-शिल्पकलेत तर दोन्ही शब्द लटपटतात. फ्रेंच कलावंत द्युशाँने मुतारीचं भांडं ‘फाउंटन’ म्हणून प्रदर्शनाला पाठवलं ते १९१७ साली, ऐन आधुनिकतावादाच्या भरात. अमेरिकन कलावंत वॉरहॉलचे ब्रिलो खोके (भांडी घासायच्या ब्रिलो घासण्यांच्या खोक्यांच्या हुबेहूब प्रतिकृती) १९६४ चे. दोघांचा खोडसाळपणा मात्र एकाच घराण्यातला. कादंबरीत आणखी मागे जा: सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’च्या दुसऱ्या भागातल्या (१६१५) पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे! याला ‘नंतरचा’ म्हणायचं तर कशाच्या नंतरचा?

प्रश्नकर्ता: म्हणजे काळ सांगायचा असेल तर ‘आधुनिकोत्तर’, वृत्ती सांगायची असेल तर ‘उत्तर-आधुनिक’, असं चालेल?

प्रतिसाद २: चालेल. फक्त एकाच लेखात दोन्ही वापरणार असाल तर पहिल्याच परिच्छेदात तसं सांगून टाका, नाहीतर मुद्रितशोधक एकाचं दुसरं करून टाकतील.