मदत हवी आहे: लहान मुलांचं नैराश्य ओळखायला काय विचारता?

पालकसभेसाठी एकपानी पत्रक करतोय. मोठ्यांचं सोपं आहे: पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली, मागचे 2 आठवडे, 9 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, 10 किंवा जास्त आले की डॉक्टरांकडे. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथे 0 सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी.

अडतंय लहानांपाशी. आठ-नऊ वर्षांचं मूल 'उदास वाटतंय' म्हणत नाही. चिडचिड करतं, दप्तर भरताना पोट धरून बसतं, डबा तसाच परत आणतं. घरचे म्हणतात, नाटकं! शाळेची भीती वेगळी काढायला 'सुट्टीतही पोट दुखतं का? आवडता खेळही सुटला का?' एवढं घेतलंय. आणखी काय विचारावं? आणि 'कशातच मजा येत नाही' हे तुमच्याकडची मुलं कसं सांगतात? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तळाला छापतोच आहोत.